सोयीची नोकरी नेमकी कोणाच्या सोयीची?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, म्हणजेच टीईटीबाबत निकाल दिला आणि स्टाफ रूममध्ये दुसरा विषयच उरला नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर सेवा सोडावी लागेल, असा या निकालाचा अर्थ. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा राहिली आहे त्यांना सवलत आहे, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा द्यावी लागेल. हा खटला अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट या महाराष्ट्रातल्या अल्पसंख्याक संस्थेच्या नावानेच ओळखला जातो. अल्पसंख्याक शाळांना हा नियम लागू व्हावा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठासमोर ठेवण्यास सांगितलं आहे.

निकाल योग्य की अयोग्य, यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. आम्हाला त्यातल्या एका बाजूकडे लक्ष वेधायचं आहे. ही परीक्षा पास होण्याचं ओझं सर्वांवर सारखं नाही. पस्तिशीतली एक शिक्षिका घ्या. घरात तीन आणि पाच वर्षांची दोन मुलं, सासू-सासऱ्यांची औषधं, सकाळी डबे, दुपारी शाळा, संध्याकाळी मदरशाची नाहीतर ट्यूशनची ने-आण. तिने अभ्यासाला बसायचं कधी? मग घरातून सल्ला येतो, आणि तो बहुतेक वेळा प्रेमानेच दिलेला असतो: “एवढी ओढाताण कशाला? सोडून दे. घरीच क्लासेस घे. मुलांकडेही लक्ष राहील.”

हा सल्ला फक्त शिक्षिकांनाच मिळतो असं नाही. नर्स, फार्मासिस्ट, अकाउंटंट, आयटीत काम करणारी इंजिनिअर, युनानी डॉक्टर, कोणीही असो, पहिलं मूल झालं की हाच प्रश्न समोर येतो. करिअर करायचं, की मुलांना सांभाळून जमेल अशी हलकीफुलकी नोकरी बघायची? या सल्ल्याचा हिशोब आपण नीट मांडतो का, हे तपासून पाहायला हवं.

मेहनतीने मिळणारी नोकरीच जास्त सोयीची

आपल्याकडे रिश्त्याच्या बोलणीत ‘मुलगी टीचर आहे’ हे वाक्य ऐकलं की समोरचे खूश होतात. शाळेची वेळ ठरलेली, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी, मुलं शाळेत तेव्हा आई शाळेत. पण ‘टीचर’ या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या नोकऱ्या दडलेल्या आहेत.

पहिली म्हणजे जिल्हा परिषदेची, महापालिकेची किंवा अनुदानित शाळेतली. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार रुपये झालं आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. बाळंतपणाची १८० दिवसांची पगारी रजा असते. शिवाय २०१८ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते.

दुसरी म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळेतली. काम तेवढंच, कधी कधी जास्तच. पगार संस्थाचालक ठरवतील तो. बाळंतपण आलं की अनेक ठिकाणी सांगितलं जातं, “तुम्ही आता आराम करा, पुढच्या जूनमध्ये बघू.” जून येतो तेव्हा त्या जागी दुसरी मुलगी शिकवत असते.

तिसरी म्हणजे घरच्या ट्यूशन. वेळ आपल्या हातात, मुलं डोळ्यांसमोर. पण आजारी पडलं तर उत्पन्न बंद, परीक्षा संपल्या की उत्पन्न बंद. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, अनुभवाचा दाखलाही नाही.

आता यातली मुलांच्या आईला खरोखर सोयीची कोणती? जी मिळवायला टीईटी, टेट आणि पवित्र पोर्टल असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात, तीच ना! ज्या नोकरीला आपण ‘करिअर’ म्हणून घाबरतो, तिथेच आजारी मुलासाठी पगारी रजा मिळते. आणि ज्या कामाला ‘सोयीचं’ म्हणतो, तिथे एक दिवस घरी राहिलं तरी पैसे कापले जातात. महत्त्वाकांक्षा एका पारड्यात आणि मुलं दुसऱ्या पारड्यात, असा तराजू आपण मनात धरून बसलो आहोत. निदान शिक्षण, आरोग्य आणि सरकारी सेवेच्या क्षेत्रात तरी तो तराजू चुकीचा आहे. इथे मोठी नोकरीच आईला जास्त वेळ देते.

खासगी क्षेत्रातली ओढाताण

सगळीकडे चित्र असं नाही, हेही मान्य केलं पाहिजे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या आकडेवारीवर काम करून त्यांनी दाखवलं की आज स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक मुख्यतः एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे, आणि तो बऱ्याच अंशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तयार होतो. काही नोकऱ्या जास्त तास, रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्यालाच भरमसाट मोबदला देतात. गोल्डिन अशा कामांना हावरट काम म्हणतात. घरात दोघं शिकलेले असले तरी एकजण ती हावरट नोकरी धरतो आणि दुसरी व्यक्ती ‘लवचिक’ नोकरी पत्करते. ती दुसरी व्यक्ती कोण असते, हे सांगायला नको.

पुण्याच्या हिंजवडीत किंवा मुंबईच्या बीकेसीत काम करणाऱ्या आपल्या मुलींपुढचा पेच असाच आहे. रात्री दहाचा कॉल घ्यायचा की बाळाला झोपवायचं? इथे काहीतरी सोडावं लागतं आणि हलकी जबाबदारी घेणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. काही आया मनापासून ठरवतात की पहिली चार-पाच वर्षं पूर्ण वेळ मुलांना द्यायची. त्यांच्याकडे कमीपणाने बघण्याचा अधिकार कोणालाच नाही. लहान मूल वाढवणं हे काम आहे, आणि कष्टाचं काम आहे.

आमचं म्हणणं इतकंच की निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावा. थोडा काळ थांबणं वेगळं आणि कायमचं सुटणं वेगळं. आपल्या घरांत बहुतेक वेळा थांबायचं म्हणून ठरतं आणि सुटून जातं.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. अशी कामं करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. मुलं, वृद्ध, आजारी यांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. म्हणजे ऑफिसचा दिवस सुरू होण्याआधी आणि संपल्यावर बाईची आणखी एक पाळी ठरलेलीच आहे. ‘तिला नोकरी झेपत नाही’ असं म्हणताना, झेपत नाही ते नोकरीचं ओझं की ही दुसरी पाळी, हे विचारायला हवं.

दुसरा आकडा रोजगाराचा. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. वाढ मोठी दिसते. पण त्यातला मोठा भाग स्वयंरोजगार आणि घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी हातभार, असा आहे. पगारी, सुरक्षित नोकरीत बायका तेवढ्या वेगाने गेलेल्या नाहीत. आणि याच सर्वेक्षणांत मुस्लिम स्त्रियांचा सहभाग इतर धर्मगटांच्या तुलनेत सातत्याने मागे राहिलेला दिसतो.

सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया घरातूनच काम करतात. शिवण, भरतकाम, जरीकाम, विड्या. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मुंब्रा, कुठेही बघा, आपल्या मोहल्ल्यातली बाई रिकामी कधीच नव्हती. ‘मुलं सांभाळून घरबसल्या काम’ हा काही नवा शोध नाही. आपल्या आई-आजीने पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. त्यातून घर चाललं, पण नगावर मिळणारे पैसे वाढले नाहीत आणि म्हातारपणी हातात पेन्शन आली नाही. बीएड झालेल्या मुलीलाही आपण परत त्याच जागी बसवणार असू, तर तिच्या शिक्षणाचा उपयोग काय झाला?

कायद्यात आहे, पण कोणासाठी?

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातली पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी ८० दिवस काम केलेलं असलं की ही रजा लागू होते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याबाबत मालकाशी ठरवता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत.

न्यायालयांची भूमिकाही स्पष्ट आहे. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या बालसंगोपन रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्रियांचा कामातला सहभाग ही मेहरबानी नसून घटनात्मक हक्काचा विषय आहे. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात मातृत्व रजेला प्रजनन हक्कांचा भाग मानलं.

हे सगळं चांगलंच आहे. पण दुकाने आणि आस्थापनांमध्ये हा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथेच लागतो. आपल्या किती मुली दहापेक्षा कमी माणसांच्या दवाखान्यात, मेडिकल स्टोअरमध्ये, कोचिंग क्लासमध्ये काम करतात? दुसरी अडचण अशी की जिथे ईएसआय नाही तिथे २६ आठवड्यांच्या पगाराचा सगळा भार मालकावर आहे. म्हणून मुलाखतीतच हळूच विचारलं जातं, “लग्न झालंय का? मुलं किती? पुढचा काही विचार?” असे प्रश्न भावी बापाला कोणी विचारत नाही.

शिल्लक किती राहते?

सर्वांत जास्त ऐकू येणारा हिशोब असा. समजा आईचा पगार १५ हजार. पाळणाघराचे ५ हजार, रिक्षाचे २ हजार, कामवाल्या बाईचे २ हजार. उरले ६ हजार. “सहा हजारांसाठी एवढी दगदग?” आणि विषय संपतो.

या हिशोबात दोन चुका आहेत. पहिली चूक, पाळणाघराचा खर्च फक्त आईच्या पगारातून वजा केला जातो. मूल दोघांचं असेल तर खर्चही दोघांच्या पगारातून जायला हवा. दुसरी चूक, हिशोब फक्त या वर्षाचा होतो. मूल शाळेत जाऊ लागलं की पाळणाघराचा खर्च कमी होतो, पण सेवाज्येष्ठता वाढत राहते. पाच वर्षं सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो. पीएफ साठतो. मुलाचं नाजूक वय पाच-सहा वर्षांचं, आणि बाईचं नोकरीचं आयुष्य तीस वर्षांचं. पाच वर्षांची अडचण बघून तीस वर्षांचा निर्णय करू नये.

आणखी एक गोष्ट वयाची. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ ही कमाल वयोमर्यादा आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्या मुलीने २७ व्या वर्षी नोकरी सोडली आणि धाकटं मूल दहा वर्षांचं झाल्यावर परत यायचं ठरवलं, तिच्या हातात तोपर्यंत फार थोडी वर्षं राहतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर यांची कागदपत्रं तयार नसतील तर तीही नाहीत.

जबाबदारी बापाचीही

आपल्याकडे एक युक्तिवाद हमखास येतो: इस्लामने घरखर्चाची, म्हणजे नफक्याची जबाबदारी पुरुषावर टाकली आहे, मग बाईने कमवायचं कशाला? पहिला भाग खराच आहे. पण त्याची दुसरी बाजू सांगितली जात नाही. बाईची कमाई ही तिची स्वतःची असते, त्यावर नवऱ्याचा हक्क नसतो. आणि सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याबाबत जे आलं आहे, त्यात आईच्या खाण्या-कपड्याचा भार बापावर आहे, मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये असं आहे, आणि दूध सोडवण्याचा निर्णय दोघांच्या संमतीने व मशवऱ्याने करावा असं आहे. बाळाच्या बाबतीत एवढ्या छोट्या गोष्टीतही सल्लामसलत सांगितली आहे. आईच्या नोकरीचा निर्णय मात्र आपल्या घरांत तिला न विचारताच होतो. हजरत खदीजा (र.) व्यापार करत होत्या, हा दाखला जलशात देणारे आपण, सुनेच्या अर्जावर सही करताना का थबकतो?

शिवाय संकट विचारून येत नाही. रत्नागिरी-रायगडातली किती घरं आखाती देशांतल्या पगारावर उभी आहेत. तिकडची नोकरी एका महिन्यात जाऊ शकते. नवरा आजारी पडतो, अपघात होतो, तलाक होतो. तेव्हा चाळिशीतली, शेवटचा अनुभव पंधरा वर्षांपूर्वीचा असलेली बाई कामाच्या शोधात निघते, आणि तिला मिळेल त्या पगारावर राबावं लागतं. अशा भगिनी आमच्या शाळांच्या दारात दरवर्षी येतात. मुलांसाठी नोकरी सोडणाऱ्या या आयांना नंतर मुलांच्याच फीसाठी हात पसरावा लागतो.

मग करायचं काय?

ज्या भगिनी सध्या घरी आहेत त्यांनी निदान धागा तुटू देऊ नये. टीईटीचं प्रमाणपत्र २०२१ पासून आजीवन वैध झालं आहे. म्हणजे मूल कडेवर असताना पास झालेली परीक्षा ते पाचवीत गेल्यावरही उपयोगी पडते. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, डीएलएड लागतं, हे लक्षात घेऊनच पुढचा कोर्स निवडावा. घरी ट्यूशन घेत असाल तर फी आपल्या बँक खात्यात घ्या, विद्यार्थ्यांची नोंद ठेवा, स्वतःच्या नावाने पीपीएफ उघडा. वर्षाला पाचशे रुपयांतही ते चालू राहतं. आणि थांबायचं ठरवलं असेल तर परत कधी जायचं, तेही घरात बोलून ठेवा.

ज्या शिक्षिका दोन वर्षांच्या मुदतीत टीईटीचा अभ्यास करत आहेत, त्यांच्या घरच्यांना आमची विनंती आहे. रोज दोन तास मुलं कोणीतरी दुसऱ्याने सांभाळा. बापाने सांभाळली तर उत्तमच. १५० गुणांच्या परीक्षेत ६० टक्के मिळवणं अवघड नाही, अवघड आहे ते सलग दोन तास मिळणं.

आणि शेवटी आपल्या संस्था. उर्दू शाळा, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, दवाखाने, ट्रस्ट. मुलींच्या शिक्षणासाठी आपण फार कष्टाने या उभ्या केल्या. त्यातल्या किती ठिकाणी शिक्षिकेला नेमणुकीचं लेखी पत्र मिळतं? किती ठिकाणी बाळंतपणानंतर तिची जागा राखून ठेवली जाते? एका रिकाम्या वर्गखोलीत सतरंजी, पाळणा, एक मदतनीस आणि एक दार बंद होणारी बाथरूम, एवढ्यावर दहा शिक्षिकांच्या मुलांची सोय होऊ शकते. खर्च दहा जणी आणि संस्था मिळून वाटून घेता येतो. ५० कर्मचाऱ्यांची कायद्याची अट पूर्ण होण्याची वाट बघायची गरज नाही.

संस्थांच्या बैठका नव्या वर्षाच्या आधी होतातच. त्यात गणवेश, फी आणि इमारतीच्या रंगाबरोबर हा एक विषयही घ्या. ज्या शिक्षिका बाळंतपणासाठी गेल्या आणि परतल्या नाहीत, त्यांची यादी काढा आणि त्यांना फोन करून विचारा की यायचं होतं का.